मधुमेह, वनस्पत्याहार आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या मेळाव्यात एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थाने चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात, अशी आपल्या संघाची प्रथा आहे. यंदा हा मान कार्यकारी मंडळाने मला दिला, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि उभा जन्म मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकविण्यात गेला. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते औषधयोजना म्हणून कोणी घेऊ नये. घरात एक गोष्ट घडली, तिच्या निमित्ताने वाचले, डॉक्टरांस विचारले, वहीत टिपले. त्यातील सर्वांच्या उपयोगाचा भाग तेवढा आपणांपुढे ठेवीत आहे.

विषय आहे टाईप वन, म्हणजे पहिल्या प्रकारचा मधुमेह, आणि तो असलेल्या मनुष्याने दूध, दही, तूप, मांस, अंडी, मध हे सर्व वर्ज्य करून केवळ वनस्पतिज अन्नावर राहणे. या आहारास इंग्रजीत व्हीगन म्हणतात. मी त्यास वनस्पत्याहार म्हणेन. शाकाहार हा शब्द मी मुद्दामच टाळतो. कारण आपल्या शाकाहारात दूधदुभते येते, यात ते येत नाही.

प्रथम या रोगाविषयी. मधुमेह हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला गृहस्थ उभा राहतो. तो झाला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. पहिला प्रकार निराळाच आहे. आपल्या जठरामागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. त्यात पेशींची लहान लहान बेटे असतात. १८६९ साली लांगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने ती प्रथम वर्णिली, म्हणून त्यांस त्याचेच नाव आहे. या बेटांतील काही पेशी इन्सुलीन नावाचा रस तयार करतात आणि त्या रसाच्या योगाने रक्तातील साखर शरीराच्या पेशींत शिरते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून आपल्याच या पेशींवर उलटते व त्यांचा नाश करते. पहारेकऱ्याने घरच्याच माणसास चोर समजून मारावे, तसा हा प्रकार. हा रोग बहुधा बालवयात किंवा तारुण्यात होतो. मुलाने गोड फार खाल्ले म्हणून तो होत नाही, आईने गरोदरपणी पथ्य मोडले म्हणूनही होत नाही. ही गोष्ट आज येथे बसलेल्या प्रत्येक मातेने पदरात गाठ मारून न्यावी. कारण अशा मुलांच्या आयांना नातलगांकडून नाही नाही ते ऐकावे लागते.

मधुमेहाचे दोन प्रकार असतात ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद सांगितले आहेत. पहिला जन्मतः येणारा, रोगी कृश. दुसरा अपथ्याने होणारा, रोगी स्थूल. आजच्या वर्गीकरणाशी ते तंतोतंत जुळते असे नव्हे. परंतु एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही, हे आपल्या पूर्वजांच्या ध्यानात आले होते. आज मात्र आपण तो भेद विसरतो आणि शेजारच्या काकांची साखर कारल्याच्या रसाने उतरली, म्हणून तोच रस आठ वर्षांच्या पोरीस पाजावयास निघतो.

हा रोग केवळ आहाराने आटोक्यात येतो काय? या प्रश्नाचे उत्तर जगाने फार मोठी किंमत देऊन मिळविले आहे. इन्सुलीन हाती येण्यापूर्वी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन नावाच्या डॉक्टरांची उपासमारीची चिकित्सा प्रचलित होती. रोग्यास अगदी मोजके अन्न द्यावयाचे, म्हणजे साखर वाढत नाही आणि मरण काही काळ लांबते. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या एका परराष्ट्रमंत्र्यांची कन्या. सुमारे अकराव्या वर्षी तिला हा रोग जडला आणि तीन वर्षे ती या चिकित्सेवर जगली. पंधरावे वर्ष लागण्याच्या सुमारास तिचे वजन वीस किलोच्या आसपास उतरले होते. आहारनियमनाची याहून कडक परीक्षा कोणती असणार? तिच्या घरी पैशास तोटा नव्हता, डॉक्टर नामांकित होते, मुलगी विलक्षण शिस्तीची होती. तरी रोग हटला नाही.

तिकडे कॅनडात टोरांटो विद्यापीठात १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट या दोघांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून हा रस काढला. कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या मुलास पहिली सुई टोचली. तिचा गुण फारसा आला नाही. २३ जानेवारीस अधिक शुद्ध औषध टोचले, आणि मरणपंथास लागलेला तो मुलगा सावरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ टोरांटोस आली. तिला इन्सुलीन सुरू झाले, ती पोटभर जेवू लागली, शिकली, तिचे लग्न झाले, मुले झाली, आणि १९८१ साली ७३ वर्षांची होऊन ती निवर्तली. शोधकांनी आपले पेटंटचे हक्क विद्यापीठास नाममात्र एका डॉलरास देऊन टाकले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. त्याच दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो आणि त्याच दिवशी आपण बालदिनही साजरा करतो. या योगायोगाची आठवण शाळांनी ठेवावी असे मला वाटते.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण एकच. पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यास इन्सुलीन हे आपणांस श्वासाला हवा लागते तसे लागते. आहार कोणता घ्यावा हा त्याच्या निवडीचा प्रश्न आहे; इन्सुलीन घ्यावे की न घ्यावे हा निवडीचा प्रश्नच नाही. माझ्या आजच्या सर्व बोलण्याचा हा पाया आहे, आणि पुढे जे सांगेन ते या पायावर उभे राहूनच ऐकावे.

आता वनस्पत्याहाराकडे वळू. व्हीगन हा शब्द १९४४ साली इंग्लंडात जन्मास आला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी त्या वर्षी व्हीगन सोसायटी स्थापन केली. मात्र दूध सोडण्याचा विचार त्याआधी आपल्या देशातील एका महापुरुषाने आचरणात आणला होता. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडले. गाईम्हशींवर होणारे अत्याचार हे त्यामागील एक कारण होते. पुढे १९१८ साली ते अतिसाराने अत्यवस्थ झाले. डॉक्टरांनी दूध घ्यावयास सांगितले. तेव्हा कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. आपण व्रताचा शब्द पाळला पण आशय पाळला नाही, ही रुखरुख त्यांनी आत्मचरित्रात नमूद केली आहे. तेव्हा दूध सोडणे हे कोण्या परदेशी फॅशनचे खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. त्याचबरोबर, प्राणावर बेतते तेव्हा काय करावयाचे हा प्रश्न गांधीजींनाही सुटला नव्हता, हेही लक्षात घ्यावे.

या प्रश्नाला मधुमेह्याच्या बाबतीत आणखी एक धार आहे. इन्सुलीन निघाल्यापासून सुमारे साठ वर्षे ते कत्तलखान्यातील गाईबैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून काढले जात असे. म्हणजे त्या काळी कडक वनस्पत्याहारी मधुमेह्यास रोज प्राणिज औषध टोचून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलीनचा जनुक जीवाणूंत घालून त्यांच्याकडून ते तयार करविले आणि १९८२ साली असे इन्सुलीन औषध म्हणून मान्य झाले. आपल्या देशात त्यानंतरही बरीच वर्षे प्राणिज इन्सुलीन मिळत असे. आज बहुतेक सर्व इन्सुलीन जीवाणू अथवा यीस्ट यांच्या साह्याने बनते. व्हीगन सोसायटीने आपल्या तत्त्वाची व्याख्या करताना, शक्य व व्यवहार्य असेल तेथवर, अशी मर्यादा स्वतःच घालून घेतली आहे. म्हणून औषधाच्या बाबतीत मन खाण्याचे कारण त्या विचारातही नाही.

आता घरातील गोष्ट. माझ्या नातीस नवव्या वर्षी हा रोग झाला. तहान आवरेना, रात्री चार-चारदा उठावे लागे, पंधरा दिवसांत अंगावरचे कपडे ढिले झाले. वेळीच निदान झाले म्हणून निभावले. आज ती महाविद्यालयात आहे. दोन वर्षांपूर्वी एका गोठ्यात नुकत्याच जन्मलेल्या नर वासरांचे काय होते ते तिने पाहिले, आणि त्या दिवसापासून दूध सोडले. मग दही, तूप, मध ही सुटले. घरात मोठाच गहजब झाला. आमच्या सौभाग्यवतींनी तर दोन दिवस धड जेवण केले नाही. आधीच रोगी पोर, त्यात दूधतूप नाही, मग अंगी शक्ती यावी कोठून, ही त्यांची काळजी. ती काळजी खोटी नव्हती. मुलीचे उत्तर साधे होते. ती म्हणाली, "आजोबा, इन्सुलीन मला सोडता येत नाही. दूध सोडता येते. म्हणून सोडले."

नातलगांत मग दोन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणे, हे खूळ काढून टाका, पोरीस दटावून दूध पाजा. दुसरा पक्ष प्रथम गोड वाटणारा पण फार घातक. आमच्या दूरच्या एका आप्तांनी तिला एका आहारोपचारकाकडे नेण्याचा आग्रह धरला. त्या उपचारकाचे म्हणणे असे, की आता ही इतकी शुद्ध खाते तर सुईची गरजच काय? तीन महिन्यांत इन्सुलीन बंद करून दाखवितो! मुलगी शहाणी, तिने तेथल्या तेथे हात जोडले. परंतु प्रत्येक घरी असे होत नाही. बंधूंनो, पहिल्या प्रकारच्या मधुमेह्याचे इन्सुलीन बंद केले तर काही दिवसांतच, कधी एकदोन दिवसांतच, रक्तात आम्ले साठतात. ओकाऱ्या, पोटात कळा, श्वास खोल व जोराने चालणे, तोंडास पिकल्या फळासारखा वास, मग ग्लानी, आणि उपचार न झाल्यास मृत्यू. सत्त्वशुद्ध आहार असो की आणखी काही, जो कोणी हे औषध बंद करावयास सांगेल त्याच्या दारातून आल्या पावली परत फिरावे.

मग वनस्पत्याहार या रोग्यास झेपतो काय? झेपतो, परंतु हिशेबाने झेपतो. येथे माझ्या गणिताचा थोडा उपयोग झाला.

जेवणातील पिष्टमय व शर्करामय भाग, ज्यास कर्बोदके म्हणतात, तो किती ग्रॅम आहे यावर जेवणाच्या वेळचे इन्सुलीन ठरते. एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने मिळतात व त्याबरोबर सुमारे १० ग्रॅम कर्बोदके येतात. तितकीच प्रथिने तुरीच्या डाळीतून घ्यावयाची तर ३० ग्रॅम कोरडी डाळ लागते आणि तिच्याबरोबर सुमारे १६ ते १७ ग्रॅम कर्बोदके येतात. पनीर किंवा अंड्यात कर्बोदके नगण्य असतात. ते सोडून त्या जागी उसळ आली की कर्बोदकांची बेरीज आपोआप वाढते. आहार बदलला पण हिशेब जुनाच ठेवला, तर साखर वर चढते आणि दोष आहारास लागतो. दोष असतो बेरजेचा.

उदाहरण घ्या. ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके. ३० ग्रॅम डाळीचे वरण, १७ ग्रॅम. पालेभाजी व कोशिंबीर मिळून ५ ग्रॅम धरा. बेरीज ५७. एखाद्या मनुष्यास दर १० ग्रॅमला एक युनिट इन्सुलीन लागत असेल, तर या जेवणास साडेपाच ते सहा युनिट लागतील. हे प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते, एकाच माणसाचे सकाळचे व रात्रीचेही निराळे असू शकते, आणि ते डॉक्टरच ठरवितात. माझ्या उदाहरणातील आकडा कोणी उचलू नये. रीत तेवढी घ्यावी. आमच्या स्वयंपाकघरात आता तराजू आहे. ज्या सौभाग्यवतींनी दोन दिवस जेवण टाकले होते, त्याच आज पीठ मळण्यापूर्वी वजन करतात आणि भिंतीवरच्या पाटीवर आकडा लिहितात.

या आहाराचे काही फायदेही आहेत, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. डाळी, कडधान्ये, भाज्या, भरड धान्ये यांत चोथा भरपूर असतो, त्यामुळे साखर सावकाश चढते. स्निग्ध पदार्थ बेताचे राहिले तर इन्सुलीनचा गुणही अधिक येतो. २०२४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या ५८ प्रौढ व्यक्ती घेतल्या होत्या. त्यांपैकी एका गटास बारा आठवडे कमी स्निग्धांशाचा वनस्पत्याहार दिला. त्या गटाचे इन्सुलीन सरासरीने दिवसास सुमारे १२ युनिटांनी कमी झाले व वजनही उतरले. प्रयोग लहान, मुदत अल्प, सर्व मंडळी प्रौढ; म्हणून त्यावरून वाढत्या वयाच्या मुलांविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. आणि इन्सुलीन कमी झाले म्हणजे संपले नव्हे. उलट यातच एक धोका दडलेला आहे. इन्सुलीनची गरज घटली आणि मात्रा तीच राहिली, तर साखर एकदम खाली उतरते. म्हणून आहार बदलण्याच्या दिवसांत साखर वारंवार तपासावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा बदलावी.

साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर त्या क्षणी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावी. मध वर्ज्य आहे म्हणून काही अडत नाही. साखर ही वनस्पतीचीच आहे. अशा वेळी मायेने तुपाचा लाडू भरवू नये, कारण स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचण्यास उशीर लागतो. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आता उणिवा. वनस्पतिज अन्नात ब-१२ हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. त्याची गोळी नियमाने घेतलीच पाहिजे. यात सवलत नाही. मधुमेह्याच्या बाबतीत ही गोष्ट दुपटीने महत्त्वाची. ब-१२ कमी पडले की हातापायांस मुंग्या येतात, बधिरता येते. दीर्घकाळच्या मधुमेहातही तेच होते. मग एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला जातो आणि साध्या गोळीने बरे होणारे दुखणे कायमचे होऊन बसते. शिवाय ब-१२ किंवा लोह यांच्या कमतरतेने, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणाऱ्या तपासणीचा आकडा खऱ्याहून अधिक दिसू शकतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यांत ब-१२ शोषून घेण्याची शक्तीच कमी होण्याचा विकारही इतरांपेक्षा अधिक आढळतो. तेव्हा वर्षातून एकदा रक्तातील ब-१२, लोह व ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तीळ तर त्याहून कितीतरी पुढे. जवसात ओमेगा-३ या जातीचा उपयुक्त स्निग्धांश आहे. कारळे, जवस, तीळ, शेंगदाणे यांच्या चटण्या आपल्या आज्या पाट्यावर वाटीत आल्या. भाकरीवर तेल घालून त्या खाणाऱ्या कष्टकऱ्यांच्या घरी दूधतूप सणासुदीसच दिसे. पिठले, मटकीची उसळ, थालीपीठ, अळूचे फदफदे, कोकणातील आमसुलाची सोलकढी, यांत दुधाचा थेंबही नाही. मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि कर्बोदके फक्त पाच ग्रॅम! बाजारात मिळणारे सोयाबीनचे दूध घ्यावयाचे तर साखर न घातलेले घ्यावे; नारळाच्या दुधात प्रथिने फार थोडी, म्हणून ते गाईच्या दुधाची जागा भरून काढीत नाही. आणि केवळ वनस्पतिज आहे म्हणून सारेच हितकर, असेही नव्हे. एकादशीचा साबुदाणा वनस्पतिजच आहे, पण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे.

मूल लहान असेल, वाढीचे वय असेल, तर आईबापांनी स्वतःच्या हौसेने त्याच्यावर हा आहार लादू नये. मुलाचीच इच्छा असेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा आणि उंची व वजन यांची नोंद ठेवावी. काही टाईप वन मुलांस गव्हातील ग्लुटेन न सोसण्याचा सीलिअक नावाचा विकारही असतो. त्यांना ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांचा आधार आहे.

बंधुभगिनींनो, येथवर घरातील गोष्टी झाल्या. आता ज्ञाती म्हणून आपण काय करू शकतो, हे सांगून मी आपली रजा घेतो.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ सालच्या अहवालात, वीस वर्षांखालील टाईप वन मुलांची संख्या भारतात सव्वादोन लाखांहून अधिक, म्हणजे जगात सर्वांत जास्त, अशी नोंद आहे. ही मुले कोणत्या तरी ज्ञातीत, कोणत्या तरी घरी जन्मास आलेली आहेत. आपल्याकडेही असतीलच. परंतु ती दिसत नाहीत. कारण आपण त्यांना लपवितो. मुलीला सुई घ्यावी लागते हे कळले तर तिचे लग्न कसे जमणार, या भयाने आईबाप तिला लग्नाकार्यात स्नानगृहात जाऊन, अंधारात, घाईने सुई टोचून घ्यावयास लावतात. मात्रा चुकते ती अशा वेळी. इन्सुलीन घेणारी मुलगी शिकते, नोकरी करते, संसार करते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईही होते. लपवून जमविलेले लग्न पुढे कोर्टाच्या पायरीवर जाते. सांगून जमलेले लग्न टिकते. आपल्या वधूवरसूचक विभागाने या रोगाचा उल्लेख करणाऱ्या स्थळांस सन्मानाने वागवावे, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती पंगतीविषयी. निमंत्रणपत्रिकेत भोजन साडेबारा वाजता असे छापलेले असते आणि पाने वाढली जातात अडीचला. आपणां सर्वांस त्याची सवय झाली आहे. पण ज्या मुलाने साडेबाराच्या भरवशावर सुई घेतली, त्याच्या रक्तातील साखर अडीचची वाट पाहत नाही. माझी नात गेल्या वर्षी एका विवाहसमारंभात अशीच थरथरू लागली होती. खिशात ग्लुकोज होते म्हणून निभावले. अध्यक्षांच्या भाषणासाठी पंगत थांबवू नये; माझ्यासाठी तर मुळीच थांबवू नये. आणि उशीर होणारच असेल तर तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे सुई घेणारा आपली वेळ सांभाळील.

तिसरी गोष्ट. वाढपे वरणावर तुपाची धार न विचारता सोडतात. त्यात प्रेम असते, हे मी जाणतो. पण एका कोपऱ्यात तूप न घातलेले वरण, तेलावरची भाजी, साधा भात आणि ज्वारीची भाकरी एवढे ठेवले आणि त्यावर एक पाटी लावली, तर खर्च वाढत नाही आणि कोणास तोंड वेंगाडून मागावे लागत नाही. अमुक पदार्थात तूप, दूध वा साखर आहे एवढे लिहावे. प्रसादाचा पेढा कोणी नम्रपणे नाकारला तर त्यास देवाचा अवमान समजू नये. त्याच्या हातावर एक खोबऱ्याचा तुकडा ठेवावा.

चौथी विनंती आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीविषयी. आपण वह्यापुस्तके देतो, गणवेश देतो. या रोग्यास इन्सुलीन, सुया आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या यांचा खर्च जन्मभर करावा लागतो. गरीब घरी तो खर्च परवडत नाही म्हणून पट्ट्या वाचविल्या जातात आणि अंदाजाने मात्रा घेतली जाते. निधीतून प्रतिवर्षी दोन विद्यार्थ्यांच्या पट्ट्यांची तरतूद झाली तरी पुष्कळ. तसेच आपल्यापैकी जे शाळांत आहेत त्यांनी वर्गात अशा मुलास खाण्याची व पाणी पिण्याची मुभा द्यावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ सालीच टाईप वन विद्यार्थ्यांस परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे व पाणी नेण्याची परवानगी दिली. जे परीक्षेत चालते ते रोजच्या वर्गात का चालू नये?

शेवटी वडीलधाऱ्यांना उद्देशून एवढेच म्हणतो. तरुण मुले आपल्याहून निराळा नियम स्वीकारतात तेव्हा आपल्या मनास लागते. आमच्या हातचे तूप याला नको झाले, असे वाटते. परंतु ज्या मुलास रोज चार वेळा बोटातून रक्त काढावे लागते व पोटात सुई टोचावी लागते, त्याने त्या जाचातही एखाद्या मुक्या जनावराचा विचार करावा, ही गोष्ट रागावण्यासारखी नाही. आपण त्याला एवढेच विचारावे: बाळ, इन्सुलीन घेतलेस ना? ब-१२ ची गोळी घेतलीस ना? आणि मग त्याच्या पानात, त्याला चालेल ते, भरपूर वाढावे.

भोजनाची वेळ साडेबाराची आहे आणि आता सव्वाबारा झाले आहेत. म्हणून येथेच थांबतो.

जय हिंद.